तीन नंबरच्या बोटीचे गुलाबराव

गुलाबराव गेले हे मला दहाव्या दिवशी कळलं. त्यांच्या गावचा एक जण बोरगाव मेघेला दूध घालतो. त्याने माझ्या गेटवर उभ्याउभ्या सांगितलं. मी म्हटलं, "अन् मले आत्ता सांगून राह्यला? तवा काऊन नाई सांगतलं?"

तो म्हणाला, "तुमाले कायले सांगाचं शेठ? तुमचं त्याईचं का होतं?"

मी त्याच्यावर एवढा ओरडलो की त्याच्या हातातली किटली हिंदकळली. तो गेला. मग मी आत येऊन बसलो आणि कबूल करावं लागलं की त्याने विचारलं ते बरोबर होतं. आमचं काय होतं ते बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कुणापाशी बोलायचं नाही असा आमच्यात सौदा झाला होता. धंद्यात मी तोंडी सौदे पुष्कळ फिरवले आहेत, त्याची लाज नाही. हा एक पाच वर्षं पाळला. आता मोडतो आहे, कारण गुलाबरावांवर माझी तक्रार आहे आणि ती ऐकून घ्यायला ते राहिले नाहीत.

माझा धंदा भंगाराचा. नाचणगावात हातगाडीवर सुरुवात केली, गल्लीगल्लीतून "लोहाऽऽ, टीनटप्पर" असं ओरडत. आता वर्ध्याच्या कडेला स्वतःचं आवार आहे, वजनकाटा आहे, गॅस कटर चालवणारी दोन माणसं आहेत. मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं आहे. समोरच्याने सांगितलेल्या भावाला मी पहिल्यांदा "हो" म्हटलं असं कधी झालेलं नाही. म्हणजे एकदाच झालं.

सात-आठ वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याच्या लिलावातून मी भंगाराचा एक मोठा लॉट उचलला. गंजलेले दरवाजे, पंपांचे सांगाडे, मोडक्या खुर्च्या, आणि या सगळ्याखाली उताणी पडलेली एक बोट. धरणावर असायची ती. सोळा फुटी, ॲल्युमिनियमची. आमच्या धंद्यात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि जर्मनला भाव चांगला असतो. बाजूला पुसट झालेला तीनचा आकडा होता. आतलं लाकूड इतकं कुजलेलं की करंगळी घातली तर आत जायची. मागच्या बाजूला पेट्रोलच्या दोन लोखंडी टाक्या, वरून हात फिरवला तर तळवा लाल होईल अशा.

कटरवाल्याने नळी जोडली आणि तेवढ्यात गेटमधून एक माणूस आला. साठीचा, काटकुळा, पांढरा शर्ट पायजम्यात खोचलेला. तो सरळ जाऊन बोटीच्या आणि कटरच्या मधे उभा राहिला.

"हे कापू नका," तो म्हणाला.

"काऊन? तुह्या बापाची हाय का?" मी म्हणालो. मी तेव्हा सगळ्यांशी असंच बोलायचो.

"नाई. मी चालवत होतो. सव्वीस वर्सं."

ते गुलाबराव. जातीने ढिवर, धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावचे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते खात्यात बोटचालक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बोट त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीला विकावी, ते ती दुरुस्त करतील. गावात जायचा रस्ता धरणाला वळसा घालून होता, दीड तासाचा. पाण्यावरून वीस मिनिटं. पावसाळ्यात रस्ताही तुटायचा आणि लोक थर्माकोलचे तुकडे जाळीत बांधून केलेल्या तराफ्यांवरून ये-जा करायचे.

मी वजनाच्या दुप्पट भाव सांगितला. तो खाली येणार हे धरूनच सांगितला होता.

"ठीक हाय," गुलाबराव म्हणाले.

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. समोरचा भांडत नाही म्हणजे तो तुम्हाला मोजतच नाही. मी म्हटलं, "अहो, कमी तं करा म्हना!"

"तुमी सांगतलं ना. मंग बरोबरच सांगतलं असन."

सामान मी द्यायचं, मेहनत त्यांची, आणि तयार बोट सोसायटीने घ्यायची असं ठरलं. पावसाच्या आधी.

ते माघाच्या शेवटी आले आणि जेठापर्यंत माझ्या आवारात राहिल्यासारखे राहिले. रोज सकाळच्या एसटीने यायचे, डबा लिंबाच्या फांदीला टांगायचे आणि आधी बोटीभोवती एक फेरी मारायचे. फेरी मारताना बोटांच्या उलट्या बाजूने पत्र्यावर टकटक करायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. कधी थांबायचे आणि खडूने गोल करायचे. मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, "पत्रा पातळ झाला का आवाज चपटा होते." मी टकटक केली. मला सगळीकडे एकच आवाज आला. ते हसले नाहीत. कुणाला काही येत नाही म्हणून ते कधी हसायचे नाहीत, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे खिशात असायचे. बायको, यमुनाबाई, बांधून द्यायच्या. काम करता करता दाताने सोलायचे आणि सालं परत खिशात ठेवायचे. माझ्या आवारात कचऱ्याचे डोंगर, आणि हा माणूस शिंगाड्याची सालं घरी घेऊन जायचा.

चैत्रात ते म्हणाले, "शेठ, एक टँकर पानी लागते."

"कायले?"

"बोटीत भराले."

मी हातातला चहा खाली ठेवला. वर्ध्याचं ऊन, विहिरीला तळ लागलेला, घरी बायका पाण्यासाठी एकमेकींशी भांडताहेत, आणि याला बोटीत पाणी भरायचंय. "गुलाबराव, बोट पान्यात टाकतेत, पानी बोटीत नाई टाकत! डोकं गिकं फिरलं का?"

"खालून रिबिट पाह्यतो. आतलं पानी जिथून ठिपकन तिथूनच बाहेरचं आत येईन. धरनात गेल्यावर पाहून काय फायदा?"

टँकर आला. बोट लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, काठोकाठ भरली. अर्धी वस्ती पाहायला जमली. कुणीतरी म्हणालं, शेठनं म्हशीसाठी टाकं बांधलं, आणि खरंच दोन म्हशी येऊन तोंड लावून गेल्या. मुलं व्हिडिओ काढत होती. गुलाबराव मात्र बोटीखाली पाठीवर पडून, तोंडावर पाणी ठिपकत असताना, पत्रे जोडणाऱ्या एकेका रिबिटाला खडूची खूण करत होते. बेचाळीस खुणा केल्या. आर्गन वेल्डिंगवाल्याला हात धरून एकेक जागा दाखवली. बेचाळिसावी झाल्यावर पुन्हा पाणी भरायला लावलं. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा भरलं. तेव्हा एक थेंब पडला नाही.

मग टाक्या. मला त्या टाक्या वाचवायच्या होत्या, नव्या कोण घेणार? गुलाबराव म्हणाले, पाहू. शेजारी बांधकाम चालू होतं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी टाकीत बारीक गिट्टी आणि चिंचेचं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि टाकी काँक्रीटच्या मिक्सरला बांधून फिरवली. सात दिवस, रोज एक तास. मिस्त्री शिव्या द्यायचा, गुलाबराव त्याला वाळवलेले शिंगाडे द्यायचे. आठव्या दिवशी टाकी आतून अशी चकाकली की मीच टॉर्च घेऊन दोनदा पाहिलं. "झालं ना? बसवा आता!"

त्यांनी टाकीत पेट्रोल ओतलं, आठवडाभर ठेवलं, मग काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. तळाला केशरासारखी एक बारीक रेघ बसली होती.

"हे पाहा," ते म्हणाले.

"एवढंसं तं हाय."

"एवढंसंच होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या तोंडून ती गोष्ट मी त्या एकाच दिवशी ऐकली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, आश्विनात, सोयाबीन काढायला गेलेल्या बाया तराफ्यावरून परत येत होत्या. तराफा फाटला. काठावरच्या माणसाने आरोळी दिली आणि गुलाबरावांनी तीन नंबर काढली. मशीन, म्हणजे बोटीचं इंजिन, पहिल्या झटक्याला लागली. अर्ध्या पाण्यात बंद पडली. टाकीतला गंज नळीत बसला होता. त्यांनी फिल्टर काढला, फुंकला, लावला, ओढला, पुन्हा काढला. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. बाया हाका मारत होत्या. त्यातली एक त्यांची थोरली सून होती, वंदना. ती "मामाजी" म्हणत होती. मग दुसऱ्या बाया ओरडत राहिल्या आणि तिचा आवाज नव्हता.

"टाकी बदला म्हनून चार वेळा अर्ज केलता," ते म्हणाले. "कागद दाखवले. सायेब म्हनाले, चालकानं देखभाल नीट केली नाई. पोरगा म्हनाला, बाबा तुमचीच मशीन होती ना. तो पुन्याले गेला. बोलत नाई." मग बाटलीचं बूच लावत म्हणाले, "गावातले लोक काई म्हनत नाईत. पन कोनी मायाजवळ लेकरू देत नाई. पान्यावर नेतो म्हनलं तं नको म्हनते."

तेव्हा मला कळलं की हा माणूस बोट दुरुस्त करत नव्हता. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी पुन्हा आपल्या हातात लेकरं द्यावीत, एवढंच त्याला हवं होतं. मी नव्या टाक्या आणल्या. प्लॅस्टिकच्या, न गंजणाऱ्या. किंमत मात्र सोसायटीकडून पूर्ण घेतली. मी काही संत नाही.

त्यांचे आणखी काही नियम होते. मशीनला ते "बाई" म्हणायचे आणि तिच्यासमोर कुणी तंबाखू थुंकलेली चालायची नाही. बोटीत चप्पल घालून चढायचं नाही, जमिनीवर असली तरी. एकदा माझ्या मुनिमाने पाण्याचा तांब्याचा लोटा बोटीत नेऊन ठेवला. गुलाबरावांनी तो दोन बोटांनी विंचू उचलावा तसा उचलून बाहेर ठेवला. "तांबं अन् जर्मन ओलं एका जागी ठेवू नाई. तांबं त्याले खाते." आम्ही हसलो. मुनीम म्हणाला, सवती असतील.

राहिलं लाकूड. मागची जाड फळी, जिच्यावर मशीन टांगतात, आणि तळाची पाटी, म्हणजे पाय ठेवायच्या फळ्या. जुन्या दाराच्या चौकटींचं सागवान माझ्याकडे पडलेलं होतं, ते दिलं. गुलाबरावांनी ते कापलं, रंधलं आणि जवसाचं तेल उकळून त्याचा हात द्यायला घेतला. एक हात दिला की पाच दिवस वाळवायचा. असे सहा हात. मी बोटांवर दिवस मोजले. मृग तोंडावर आला होता. सोसायटीचा अध्यक्ष रोज फोन करत होता, पाऊस पडला तर बोट घेणार नाही म्हणत होता. दुसरा हात झाला आणि यमुनाबाईंच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. गुलाबराव त्यांना घेऊन सेवाग्रामला दवाखान्यात गेले. जाताना म्हणाले, "लाकडाले हात नका लावू शेठ. मी येतो."

नऊ दिवस आले नाहीत.

आमच्याकडे लाकडाला उधई आणि कूज लागू नये म्हणून काय करतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मोरचुदाच्या पाण्यात भिजवतात. निळे खडे, संत्र्याच्या बागेला लागतात म्हणून घरोघरी असतातच. माझ्या शेताचे कुंपणाचे खांब, घराच्या चौकटी, सगळ्या मी मोरचुदात भिजवलेल्या आहेत आणि आजपर्यंत त्यातल्या एकीला किडा लागलेला नाही. मी सुताराला बोलावलं. दोन दिवस फळ्या हौदात निळ्या पाण्यात बुडवल्या, उन्हात टाकल्या, वरून रंग मारला आणि बसवून टाकल्या. रंगाखाली निळं काही दिसत नव्हतं. काम माझ्या मते पक्कं झालं होतं. त्यांच्या तेलापेक्षा पक्कं.

गुलाबराव आले. फळ्या बसवून, रंगवून झालेल्या पाहिल्या.

"काय लावलं?"

मी म्हणालो, "जवस. तुमच्यासारखंच. चार हात दिले."

मोरचूद म्हणजे तांबंच असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. पण मला माहीत नव्हतं म्हणून मी खोटं बोललो असं नाही. मी खोटं बोललो कारण खरं सांगितलं असतं तर त्यांनी फळ्या उचकटल्या असत्या, आणखी महिना गेला असता आणि सौदा मोडला असता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी म्हनता तं झालं." पहिल्या दिवशी भाव ऐकून म्हणाले होते त्याच आवाजात.

तीन वर्षं बोट चालली. मी अधूनमधून जायचो. पहिल्या पावसाळ्यात बाया दोघी-दोघी बसायच्या, काठ घट्ट धरून. दुसऱ्या वर्षी लेकरं दिसू लागली. शाळेचं दप्तर घेऊन गुलाबरावांच्या पायाशी बसलेली, चपला हातात धरून. एक लहान मुलगी त्यांच्या शर्टाचं टोक धरून उभी राहायची आणि ते तिला हटकत नसत. मशीनची दोरी ओढायच्या आधी ते दर वेळी नळी आणि फिल्टर काढून पाहायचे, पूर्ण. लोक कंटाळायचे. "मामाजी, चला ना आता!" पोरं ओरडायची. तो शब्द ऐकल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबायचा, मग पुन्हा चालायचा. पण तळाची पाटी ते कधी उचलत नव्हते. तिथे मी जवस लावलंय असं मी सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी भादव्यात गावातल्या सुरेश नावाच्या तरुण शेतकऱ्याला भर दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, साप चावला. रस्ता वाहून गेलेला. त्याला बोटीत घातलं, म्हातारा बाप सोबत. अर्ध्या पाण्यात पाटीखालून पाणी वर यायला लागलं. आधी ओलसर, मग घोट्याएवढं. मशीन टांगलेली फळी कलायला लागली. गुलाबरावांना परत फिरावं लागलं. पुढे गेले असते तर तिघेही बुडाले असते, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. परत आणून सुरेशला खाटेवर घालून वाहून गेलेल्या रस्त्यानेच न्यावं लागलं. तो वाटेत गेला. चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. घरी बायको होती.

चौथ्या दिवशी सकाळी गुलाबराव माझ्या आवारात आले. हातात कापडी थैली. त्यातून त्यांनी वीतभर लाकडाचा तुकडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ओलं लाकूड आतून हिरवट-निळं होतं. शेजारी पत्र्याचा तुकडा ठेवला. त्यावर पांढरी भुकटी आणि सुईने टोचल्यासारखी बारीक बारीक छिद्रं.

"शेठ," ते म्हणाले, "जवस निळं नसते."

मी उभा राहिलो आणि ओरडायला लागलो. मला दुसरं काही येत नाही. मी म्हटलं, मला काय माहीत, सगळे लावतात, तुम्ही सांगायला हवं होतं, तुम्ही नऊ दिवस गेले कशाला, तुमची बोट होती तर एकदा पाटी उचलून पाहायची. हे शेवटचं बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. त्यांच्या मुलाने हेच म्हटलं होतं.

ते खुर्चीवर बसले. मी थांबेपर्यंत बसून राहिले.

"झालं?" ते म्हणाले. "आज संध्याकाळी चार वाजता सोसायटीची मीटिंग हाय. सुरेशचा बाप येनार हाय. तुमी या. पन बोलू नका."

"म्हनजे?"

"मोरचूद मी लावलं म्हनतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काऊन?"

"तुमचं नाव सांगतलं तं लोक केस करतीन. कोर्टात दहा वर्सं जाईन. तोवर बोट कोन देईन? सोसायटीजवळ काई नाई." त्यांनी लाकडाचा तुकडा उचलून परत थैलीत घातला. "तुमी नवी बोट द्या. अख्खी जर्मनची, लाकडाचा तुकडा नको. टाकी न गंजनारी. मशीन नवी. पुढच्या मिरगाच्या आंधी. अन् हे कोनाले सांगाचं नाई. कधीच."

"अन् तुमी?"

"मले आता नाई चालवू देत. दुसऱ्या कोनाले शिकवतीन."

एवढ्या वर्षांत त्या माणसाने माझ्यासमोर पहिल्यांदा एक भाव ठेवला होता. मी मयताच्या लाकडाचा भाव पाडून घेतलेला माणूस आहे. मी त्याला एक शब्द उलट बोलू शकलो नाही. म्हणालो, "हो."

माझी तक्रार इथे आहे. त्या सकाळी त्यांनी माझी कॉलर धरायला हवी होती. मी तयार होतो. शिव्या द्यायच्या, मारायचं, गावात ओढत न्यायचं, मी त्यांना उलट शिव्या दिल्या असत्या, आणि कुठेतरी मधे आम्ही दोघं थांबलो असतो. त्याऐवजी त्यांनी हिशेब केला की माझ्यापासून त्यांच्या गावाला काय मिळू शकतं, आणि तेवढंच मागितलं. मला काय वाटतं याचा त्या हिशेबात भाव शून्य होता.

मीटिंग मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर झाली. मी मागे खांबाला टेकून होतो. अध्यक्षाने विचारलं, "लाकडाले काय लावलं होतं?"

"मोरचूद," गुलाबराव म्हणाले. "मी लावलं. मले वाटलं टिकन."

"तूच तं सांगत होता ना, तांबं लावू नाई म्हनून?" अध्यक्ष वयाने लहान होता. कालपर्यंत तो त्यांना "तुमी" म्हणायचा.

"चुकलं."

"दुसऱ्यांदा, गुलाब. दुसऱ्यांदा चुकलं तुह्यं."

सुरेशचा बाप उठला. तो गुलाबरावांच्या समोर जाऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं. त्याचे हात लोंबकळतच राहिले. मग म्हणाला, "पान्यात तुह्या बोटीत तो मले विचारे, बाबा पोचतो ना आपून. म्या म्हनलं, गुलाबमामा हाय." आणि जाऊन बसला.

मी तोंड उघडलं. हे खरं आहे, त्याला साक्षी कुणी नाही. गुलाबरावांनी गर्दीतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, एकदाच. मी तोंड मिटलं. बायांच्या बाजूला यमुनाबाई बसल्या होत्या. त्याही माझ्याकडे पाहत होत्या. उरलेलं जवसाचं तेल त्यांच्याच घरी अर्ध्या डब्यात पडलेलं होतं. नवरा तेलाचाच हात देत होता, मोरचुदाचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे सगळंच ठाऊक होतं. त्यांनी शेवटपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

गुलाबरावांनी गळ्यातली बोटीच्या कुलपाची किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

नवी बोट मी मृगाच्या आधी दिली. कमी भावात मिळत होती ती घेतली नाही. काठावर मंडप टाकला होता, वाजंत्री होती. अध्यक्षाने भाषणात मला दानशूर म्हटलं. मी म्हटलं, हे नको. त्याला वाटलं मी विनय करतो आहे, त्याने आणखी मोठा हार घातला. सुरेशच्या बापाने नारळ फोडला आणि माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो मी खाल्ला. नाही म्हणता आलं नाही.

मी गर्दीत शोधत होतो. कुणीतरी म्हणालं, तो हाय ना, तिकडं जाळं काढून राह्यला.

पहिल्या फेरीला मला पुढे बसवलं. चालवायला गावातला एक गडी होता, हौशी. बोट जोरात निघाली, लोक टाळ्या वाजवत होते. पाण्याच्या मधे थर्माकोलच्या तराफ्यावर गुलाबराव उकिडवे बसले होते, पांढरा शर्ट पायजम्यात खोचलेला. जाळं ओढत होते. मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "हळू घे, हळू घे!" मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. आम्ही त्यांच्या अगदी जवळून गेलो. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी मागे वळलो. आमची लाट त्यांच्यापर्यंत पोचली. तराफा वर उचलला गेला, तिरपा झाला. त्यांनी जाळं सोडलं, दोन्ही तळहात थर्माकोलवर टेकले आणि मान खाली घालून तसेच बसून राहिले. एक लाट, मग दुसरी, मग बारकी. पाणी शांत झाल्यावर त्यांनी हात पाण्यात घालून निसटलेल्या जाळ्याचं टोक चाचपलं. ते सापडेपर्यंत आम्ही वळणाच्या पलीकडे गेलो होतो.